होणारी सून ख्रिस्ती आहे, तिला काय विचारू आणि कसं विचारू?

पत्र:

बाई, सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. आमची भातशेती आहे, थोडा ऊस. थोरला मुलगा बेळगावात उद्यमबागला फौंड्रीत कामाला आहे. त्याने एक मुलगी पसंत केलीय. नर्स आहे, गुणाची आहे, पण ख्रिस्ती आहे. वडील मेथडिस्ट, आई कॅथलिक आणि माहेरची कोकणी बोलणारी. घरात सगळे मराठीच बोलतात. आम्ही बघायला गेलो तर घरात दोन बायबलं, एक जाड आणि एक त्याहून कमी. दोन्ही बरोबर म्हणाले. आईच्या खोलीत मेरीची मूर्ती, आणि वडील म्हणतात आम्ही मूर्ती मानत नाही. तेव्हापासून आमच्या जाऊबाई गप्प बसेनात. ते तीन देव मानतात म्हणे, चर्चमध्ये रक्त म्हणून दारू पितात म्हणे, इंग्रजांचा धर्म म्हणे. पुतण्या कॉलेजला आहे, तो म्हणतो बायबल कितीदा तरी बदललंय. ही पोरगी प्रसाद खाणार का, गावच्या लक्ष्मी यात्रेत ओटी भरणार का, आमच्या पोराला धर्म बदलायला लावणार का? मी आपली म्हणते, देव सगळे एकच की ओ. पण एक गोष्ट मनातून जाईना. माझे सासरे माळकरी होते. वारी कधी चुकवली नाही. आता ते नाहीत. हिच्या धर्माप्रमाणे येशूला मानत नाही तो नरकात जातो म्हणे. मग माझ्या घरात, सासऱ्यांच्या फोटोसमोर वावरताना ही मनात काय म्हणेल? तिला विचारायचा धीर होत नाही. येत्या रविवारी तारखेचं बोलायला त्यांच्याकडे जायचंय.
– एक आई, खानापूर तालुका

प्रिय ताई,

जाऊबाईंच्या प्रश्नांची उत्तरं देता येतात, ती पुढे देतेच. सासऱ्यांबद्दलचा प्रश्न तुमचा स्वतःचा आहे आणि सगळ्यांत अवघडही तोच, म्हणून तो आधी घेते. मी स्वतः ख्रिस्ती आहे, मेथडिस्ट घरात वाढले, आणि नोकरीभर इथल्या मराठी शाळेत शिकवलं. तुमच्या सासऱ्यांसारखी माणसं माझ्या विद्यार्थ्यांच्या घराघरांत पाहिलीत. तेव्हा हे उत्तर मी पुस्तकातून काढून देत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की मार्ग, सत्य आणि जीवन मी आहे, माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही. हे वाक्य बायबलमध्ये आहे. ते नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही, आणि ती मुलगी मनापासून श्रद्धा ठेवणारी असेल तर तीही सांगणार नाही. माणूस आपल्या पुण्याईने देवापर्यंत पोहोचत नाही, देवच ख्रिस्तात माणसापर्यंत येतो, हा आमच्या विश्वासाचा गाभा आहे. पण या वाक्याच्या आधाराने अमका माणूस नरकात गेला असा निकाल देण्याचा अधिकार कुणाला मिळतो का? डोंगरावरच्या प्रवचनात त्याच येशूने बजावलंय की दुसऱ्याचा न्याय करू नका. एक रोमी शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी, त्याच्याकडे आला. तो यहुदी नव्हता, परधर्मी होता. त्याचा विश्वास बघून येशू म्हणाला की पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून पुष्कळ लोक येतील आणि यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्या पंगतीला बसतील, आणि आपलाच हक्क आहे असं समजणारे बाहेर राहतील. मत्तयाच्या शुभवर्तमानात, २५व्या अध्यायात, शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे. भुकेल्याला जेवू घातलं, परक्याला घरात घेतलं, आजाऱ्याची विचारपूस केली, अशा लोकांना राजा सांगतो की हे तुम्ही माझंच केलंत. ते लोक चकित होऊन विचारतात, आम्ही तुला कधी पाहिलं? आपण कुणाची सेवा करत होतो हे त्यांना माहीतही नव्हतं. ताई, तुमच्या सासऱ्यांना मी ओळखत नाही. पण वाटेवरच्या कुणाला भाकरी दिल्याशिवाय वारी पुरी होत नाही, हे मानणारी माळकरी माणसं मी पाहिली आहेत, आणि हा अध्याय वाचताना मला तीच आठवतात.

आता चर्च काय म्हणतं ते बघा. मुलीची आई कॅथलिक. कॅथलिक चर्चने १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, लिहून ठेवलंय की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण, म्हणजे देवाकडची मुक्ती, मिळू शकतं. वडील मेथडिस्ट. प्रॉटेस्टंटांमधला हा मेथडिस्ट पंथ ज्यांच्यापासून सुरू झाला ते जॉन वेस्ली अठराव्या शतकातले, मोठे कडक प्रचारक. त्यांनीही लिहिलंय की ख्रिस्ती मंडळीबाहेरच्यांचा न्याय करण्याचा अधिकार देवाच्या वचनाने मला दिलेला नाही, आणि सगळ्या परधर्मीयांना दोषी ठरवण्याचा हक्क कुणाही जिवंत माणसाला नाही. दोन्हीकडची ही गोष्ट मुलीला माहीत असेलच असं नाही. घरी तसा विषय निघत नाही.

पण एवढ्यावर तुम्हाला निर्धास्त करून मोकळं होणं मला पटत नाही. येशूचं नाव प्रत्यक्ष घेतल्याशिवाय तारण नाहीच, असं ठामपणे मानणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्याही आहेत. आपल्या भागातही आहेत. मुलीच्या मनात काय आहे ते मी सांगू शकत नाही, तीच सांगेल. म्हणून विचारा. गाठ पडायच्या आधी विचारा, आणि चारचौघांत न विचारता तिला एकटीला बाजूला घेऊन विचारा. सरळ शब्दांत: बाळ, आमचे मामंजी वारकरी होते, तुझ्या श्रद्धेप्रमाणे त्यांचं काय झालं असेल? मग तिला बोलू द्या, मधे बोलू नका. ती म्हणाली की ते देवाच्या हातात आहेत आणि देव माझ्यापेक्षा न्यायी आहे, तर ते आमच्या शास्त्राला धरून असलेलं उत्तर आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम देवाशीच वाद घालतो आणि विचारतो, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही का? ती चटकन 'नरकात' म्हणाली तर माझ्या मते थांबून विचार करायला हवा. त्या शब्दापेक्षा तो किती सहज आला याची मला काळजी वाटेल. आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून ती नुसतंच 'काकू, सगळं एकच' म्हणाली, तरी निवांत होऊ नका. आज तुम्हाला खूष ठेवायला बोललेलं वाक्य पहिल्या सत्यनारायणाला तुमच्या दोघींच्या मधे येऊन उभं राहील.

देव सगळे एकच, हे तुम्ही चांगल्या मनाने म्हणता. ते म्हणणाऱ्या घरांत मी प्रेमाने जेवले आहे. तरी माझा अनुभव असा की लग्न ठरताना या वाक्याने नेमके विचारायचे प्रश्न झाकले जातात. हिंदू घरात एका देव्हाऱ्यात अनेक देव सुखाने नांदतात. ख्रिस्ती माणसाला पहिलीच आज्ञा आहे की माझ्याखेरीज तुला दुसरा देव नसावा. तुमच्या घराला येशूचा एक फोटो देव्हाऱ्यात वाढवणं सोपं आहे. तिला त्या देव्हाऱ्यापुढे हात जोडणं तितकं सोपं नाही, आणि त्यात तुमच्याबद्दल अनादर नसतो. हा फरक खरा आहे. तो मान्य करून जी घरं उभी राहिली ती टिकलेली मी पाहिली आहेत.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते कोकणस्थ ब्राह्मण, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पण तुकोबांना त्यांनी सोडलं नाही. तुकारामांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं होतं. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला गेल्या, तरी सोवळं-ओवळं आणि स्वयंपाक वेगळाच ठेवला. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्यांनी बदलला नाही. स्वतःच्या मनाला पटलं तेव्हा, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधली वर्षं एका छपराखाली दोन श्रद्धा होत्या, भांडणं होती, आणि संसारही होता.

आता त्या दोन बायबलांचं. तुम्ही बारीक नजरेने पाहिलंत. जाड आहे ते आईचं कॅथलिक बायबल, त्यात ७३ पुस्तकं. वडिलांच्या प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. बायबलचे दोन भाग असतात. जुना करार येशूच्या आधीचा, यहुदी लोकांचा, बहुतेक हिब्रू भाषेतला. नवा करार येशूचा आणि त्याच्या शिष्यांचा, ग्रीक भाषेतला. नव्या करारात २७ पुस्तकं, आणि ती दोघांकडे तीच. फरक आहे तो जुन्या करारात, ३९ आणि ४६. येशूच्या आधीच जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर झालं होतं आणि सुरुवातीचे ख्रिस्ती लोक तेच वाचत. त्यात तोबीत, यहुदीथ, मक्काबी अशी काही पुस्तकं होती जी यहुद्यांच्या हिब्रू संग्रहात नव्हती. सोळाव्या शतकात, प्रॉटेस्टंट पंथांची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने ती वेगळी काढून ठेवली. वाचायला चांगली, पण सिद्धान्ताला आधार म्हणून धरायची नाहीत, असं त्याचं म्हणणं. कॅथलिक चर्चने १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत ती शास्त्रातच आहेत असा निर्णय दिला. भांडण एवढ्याच पुस्तकांचं आहे. येशूचा जन्म, त्याची शिकवण, त्याचं क्रुसावरचं मरण आणि तिसऱ्या दिवशीचं पुनरुत्थान, यातलं अक्षरही दोन बायबलांत वेगळं सांगितलेलं नाही. भाषांतराचे शब्द थोडे इकडेतिकडे होतील, तेवढंच. ते घर 'दोन्ही बरोबर' म्हणालं ते अज्ञानाने नाही. नवरा-बायकोने तो प्रश्न आपल्या घरापुरता सोडवलाय. ताई, तुम्हाला व्याही म्हणून जी माणसं मिळतायत त्यांना श्रद्धेतला फरक सांभाळून एका घरात राहायची सवय आहे. हे मला फार मोलाचं वाटतं.

पुतण्याला सांगा की त्याचं म्हणणं तपासून बघता येतं. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरान इथल्या गुहांत जुन्या कराराच्या गुंडाळ्या सापडायला लागल्या. त्यात यशया संदेष्ट्याचं पूर्ण पुस्तक निघालं, ख्रिस्तापूर्वीचं. तोवर हातात असलेल्या पूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा ते हजारेक वर्षं जुनं. ताडून पाहिलं तर शब्दलेखनाचे आणि किरकोळ शब्दांचे पुष्कळ फरक आहेत, पण पुस्तक तेच आहे. हातांनी नक्कल करताना चुका होतात, त्या झाल्याच. काही ठिकाणी मजकूर नंतर जोडला गेला असावा असंही अभ्यासक मानतात. मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवट आणि योहानातली व्यभिचारी स्त्रीची गोष्ट ही दोन ठळक उदाहरणं, आणि अनेक छापील बायबलांत तिथे तशी टीप दिलेली असते. लपवलेलं काही नाही. बादशहा कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये निकीयाच्या परिषदेत बायबलची पुस्तकं निवडली, असंही मुलं हल्ली मोबाईलवर पाहून सांगतात. त्या परिषदेत वाद होता तो येशू खरोखर देव आहे की निर्मिलेला कुणी श्रेष्ठ जीव, याचा. आज आहेत त्या २७ पुस्तकांची यादी अथानासियस नावाच्या बिशपच्या ३६७ मधल्या पत्रात मिळते.

यावरून तीन देवांकडे येऊ. ख्रिस्ती लोक तीन देव मानत नाहीत. देव एकच, हे आम्ही यहुद्यांइतक्याच निक्षून म्हणतो. तो एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा आहे, असं आमचं म्हणणं. पुत्र म्हणजे माणसांत जसा मुलगा होतो तसा देवाला झालेला मुलगा, असा अर्थ कुणीही धरत नाही. पाणी, बर्फ आणि वाफ असा दाखला तुम्हाला कुणी तरी देईल. तो सोपा आहे पण बरोबर नाही, कारण तेच पाणी एका वेळी तिन्ही नसतं. येशूने यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतला तेव्हाचं वर्णन वाचा. पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि पित्याची वाणी आकाशातून येतेय, तिन्ही एकाच क्षणी. हे पूर्ण समजलंय असं कुठलाच पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, म्हणणार नाही. आम्ही त्यापुढे नमतो.

मेरीचं थोडक्यात सांगते. कॅथलिक तिला देव मानत नाहीत. येशूची आई म्हणून तिला मान देतात आणि आमच्यासाठी प्रार्थना कर असं तिला विनवतात. मूर्ती आठवणीसाठी. मेथडिस्ट म्हणतात थेट देवाशीच बोला, मधे कुणी नको, म्हणून आमच्या चर्चमध्ये नुसता क्रूस दिसेल. त्या घरात आईच्या खोलीत मूर्ती आणि बाहेरच्या खोलीत क्रूस असेल, दोघं एकमेकांना दुखवत नाहीत.

रक्ताचा आरोप फार जुना आहे. दुसऱ्या शतकात रोममध्येही ख्रिस्ती लोक गुपचूप जमून माणसाचं मांस खातात अशी आवई उठली होती. मूळ गोष्ट अशी की पकडला जाण्याच्या रात्री येशू शिष्यांबरोबर यहुद्यांच्या वल्हांडण सणाचं जेवण जेवला. भाकरी मोडून म्हणाला, हे माझं शरीर आहे. प्याला देऊन म्हणाला, हे माझं रक्त आहे, माझ्या आठवणीसाठी हे करा. तेव्हापासून आम्ही ते करतो. कॅथलिक उपासनेत, म्हणजे मिस्सात, गव्हाची, बिनखमिराची, पापडासारखी पातळ गोल चकती देतात. द्राक्षाची वाईन असते ती बहुधा फादरच घेतात, लोकांना बहुतेक वेळा चकतीच मिळते. मेथडिस्ट प्रभुभोजनात वाईनही नसते, साधा द्राक्षरस असतो, चिमुकल्या पेल्यांतून. कॅथलिक मानतात की त्या भाकरी-द्राक्षारसात ख्रिस्त खरोखर उपस्थित होतो. बरेच प्रॉटेस्टंट आठवणीवर आणि आत्मिक भेटीवर भर देतात. जाऊबाईंना एकदा मिस्साला घेऊन जा, बसून बघू देत. फक्त रांगेत जाऊन ती चकती घेऊ नका. ती बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असते, आणि जागेवर बसून राहिलात तर कुणी वाईट मानत नाही.

इंग्रजांचा धर्म, हे मला लागतं, खोटं का सांगू. येशू इंग्रज नव्हता. बेथलेहेमात, पश्चिम आशियात, यहुदी घरात जन्मला, आणि बोलायचा ती अरामी भाषा. केरळातल्या कोल्लमच्या ख्रिस्ती मंडळीला तिथल्या राजसत्तेने दिलेल्या हक्कांचे ताम्रपट इ. स. ८४९ चे आहेत. इंग्लंडहून कंपनीची गलबतं यायला तेव्हा साडेसातशे वर्षं अवकाश होता. तिथली मंडळी तर आपली परंपरा येशूचा शिष्य संत थॉमस याच्यापर्यंत नेतात. आपल्या बाजूचं सांगायचं तर फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज खरे, पण त्यांनी गोव्यात बसून येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली आणि ती १६१६ मध्ये छापली गेली. तुकोबा तेव्हा लहान होते. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, आपल्याच कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल मराठीत आणलं आणि १९२२ मध्ये जाण्यापूर्वी काम हातावेगळं केलं. जाऊबाईंच्या बोलण्यात खरं एवढंच की बेळगाव १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचं काम इथे सुरू झालं. पुढे ते मेथडिस्टांकडे आलं. कॅम्पातली जुनी चर्च गोऱ्या शिपायांसाठी बांधलेली, हेही खरं. पण मुलीच्या आईकडची माणसं त्या वाटेने आलेली नसणार. खानापूरकडच्या कोकणी कॅथलिकांचा धागा गोव्याकडे जातो. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांतसुद्धा गोव्यापासून १९५३ मध्ये वेगळा झाला. लग्नाच्या आधी विहीणबाईंना त्यांच्या चालीरीती विचारा. नारळाच्या रसाने वधूला न्हाऊ घालायचं 'रोस' असतं, हिरव्या बांगड्यांचा 'चुडो' असतो. तुमची हळद आणि तुमचा चुडा त्यांना नवीन नाही.

आता प्रसाद आणि ओटी, कारण रोजचा प्रश्न हाच आहे. करिंथ या ग्रीक शहरातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना हाच प्रश्न पडला होता. बाजारातलं मांस आधी देवळात वाहिलेलं असायचं, मग ते खायचं का? तेव्हाचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने त्यांना पत्र लिहिलं. सारांश असा: अन्नाने आपण देवाच्या जवळही जात नाही आणि लांबही जात नाही. कुणाच्या घरी जेवायला बसलात तर पुढ्यात येईल ते खा, चौकशी करत बसू नका. पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नका. आणि तुमच्या खाण्याने दुबळ्या मनाच्या भावाला ठेच लागत असेल तर थांबा. म्हणून आमच्यात दोन्ही प्रकार दिसतील. कुणी प्रसाद हातात घेऊन शेजाऱ्याचं प्रेम म्हणून खातो, कुणी हात जोडून नको म्हणतो. दिवाळीच्या फराळाला नको म्हणणारं ख्रिस्ती घर मला अजून भेटलेलं नाही. तिला विचारा, तू कुठल्यातली? आणि नको म्हणाली तर जाऊबाईंसमोर तिची बाजू तुम्ही घ्यायची, तिने नव्हे. सासूने 'तिला ते चालत नाही, राहू दे' एवढं म्हटलं की घरातलं पुढचं बोलणं बहुधा बंद होतं.

लक्ष्मी यात्रेचंही तसंच. आपल्या गावांत ती यात्रा किती वर्षांनी येते आणि आली की घरटी किती पाहुणे उतरतात, ते तुम्हाला मी काय सांगणार. ती सून मंडपाखाली पंगती वाढेल, माहेरवाशिणींची उठबस करेल, पहाटे उठून भाकऱ्या थापायला बसेल, नर्स आहे म्हणजे कुणाला उन्हाचं लागलं तर धावेल. देवीची ओटी भर असं मात्र आग्रहाने म्हणू नका. ती उपासना आहे आणि तिथे तिची पहिली आज्ञा आड येते. ओटी घरातली दुसरी सवाशीण भरेल. मंगळसूत्र ही चालरीत आहे, श्रद्धेचा भाग नाही. मराठी ख्रिस्ती बायका काळ्या मण्यांत क्रूस ओवून घालतात. कुंकवाबद्दल घराघरांत वेगळं आहे, ते तिच्यावर सोडा.

मुलाला धर्म बदलावा लागेल का? नाही. लग्नापुरता घेतलेला बाप्तिस्मा कुठल्याही प्रामाणिक फादरला किंवा पाळकाला नकोच असतो. तसंच लग्नापुरतं तिचं नाव बदलून तिला हिंदू करून घ्यायचा विचार कुणी मांडला तर तोही तुम्ही मोडून काढा. कायद्याचं एक लक्षात ठेवा. हिंदू विवाह कायद्याने लग्न व्हायला दोघंही हिंदू लागतात. नुसत्या अक्षता टाकल्या आणि ती ख्रिस्तीच राहिली, तर ते लग्न त्या कायद्यात बसत नाही आणि पुढे तिच्याच हक्कांचे हाल होतात. दोघांनी आपापला धर्म ठेवायचा तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. शेतीचं घर म्हणून हेही सांगते: त्या कायद्याने हिंदू मुलाने परधर्मीय मुलीशी लग्न केलं तर तो एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं धरतात. त्याचा हिस्सा बुडत नाही. पण सातबारा सगळ्यांचा एकत्र असेल तर लग्नाआधी वकिलाला कागद दाखवा आणि धाकट्या भावांना विश्वासात घ्या. चर्चमध्येही लग्न लागू शकतं. काही पाळक परधर्मीयाशी लग्न लावायला तयार होत नाहीत, पौलाच्याच एका वचनाचा आधार घेऊन. तिने कॅथलिक पद्धतीने करायचं ठरवलं तर बिशपची परवानगी लागते, आणि कॅथलिक बाजूला मुलांना त्या श्रद्धेत वाढवण्याचा शक्य तितका प्रयत्न करीन असं वचन द्यावं लागतं. तुमच्या मुलाला वचन द्यावं लागत नाही, पण त्याला हे कळवलं जातं. म्हणजे नातवंडांचा प्रश्न आजच टेबलावर येतो. बारसं की बाप्तिस्मा, की दोन्ही, की मूल मोठं झाल्यावर त्याने ठरवायचं, हे त्या दोघांनी आधी आपसांत बोलावं आणि मग तुम्हाला सांगावं. रविवारी हा विषय तुम्ही काढू नका. मुलाला तेवढं विचारा, तुमचं बोलणं झालंय का? नसेल तर तारीख धरू नका.

रविवारी सकाळी जाऊ नका, सकाळी ते उपासनेला किंवा मिस्साला जातील. दुपारनंतर जा. जाताना कुंदा न्या, नारळ नेलात तरी चालतो. तारखेचं असं आहे की राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, त्यांचा उपासकाळ असतो, त्यात कॅथलिक घरं शक्यतो लग्न धरत नाहीत. ईस्टर दरवर्षी बदलतो, पण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या पलीकडे कधी जात नाही. म्हणजे मे महिना त्यांच्याकडून नेहमी मोकळा. तुमच्या पंचांगात मेमध्ये मुहूर्त आहेत का बघा, धूळवाफ पेरणीच्या आधी उरकता येईल. विशेष विवाह कायद्याने नोंदणी करायची तर दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला असावा लागतो, तुमचा मुलगा बेळगावात आहेच. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर पुन्हा नव्याने द्यावी लागते. तेव्हा मेची तारीख ठरली तर एप्रिलच्या सुरुवातीलाच दोघांना नोंदणी कार्यालयात पाठवा, आणि तीन साक्षीदारांत एक नाव जाऊबाईंच्या यजमानांचं घाला.

तुमची,
बाई